शॉर्ट बॅरल रायफल: अमेरिकेत आखूड नळीच्या रायफलचे सुटे भाग कसे पारखतात आणि कायदा काय सांगतो?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत १६ इंच नळीची रायफल विकत घेणं ही साधी गोष्ट आहे. दुकानात ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि रायफल घरी येते. त्याच रायफलला साडेपंधरा इंचांची नळी बसवली आणि त्याआधी सरकारी मंजुरी घेतली नसेल, तर तो फेडरल गुन्हा ठरतो. शिक्षा दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची.

अशा आखूड नळीच्या रायफलला तिथे ‘शॉर्ट बॅरल्ड रायफल’ किंवा नुसतं ‘एसबीआर’ म्हणतात. बरेच हौशी नेमबाज ती तयार विकत घेण्याऐवजी सुटे भाग निवडून जुळवून घेतात. एआर-१५ या धाटणीची रायफल त्यासाठी सोयीची पडते, कारण तिचे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकमेकांत बसतात. दुकानांमधल्या जाहिरातींवरून वाटतं की ही रंग, पकड आणि दुर्बिणी निवडण्याची हौस आहे. प्रत्यक्षात नळी आखूड झाली की रायफलच्या आतलं गणित बदलतं. मोठ्या रायफलमध्ये चालून जाणारा हलका भाग इथे लवकर मोडतो. कागदपत्रांचा क्रम चुकला तर त्याची किंमत मोडलेल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते.

एसबीआर कशाला म्हणतात?

अमेरिकी फेडरल कायद्यात खांद्याला टेकवून झाडायची, आतून पीळदार खाचा असलेल्या नळीची बंदूक म्हणजे रायफल. तिची नळी १६ इंचांपेक्षा (सुमारे ४०.६ सेंमी) आखूड असेल तर ती एसबीआर. रायफलपासून बनवलेल्या शस्त्राची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा (सुमारे ६६ सेंमी) कमी भरली, तर तेही याच गटात जातं. शॉटगनसाठी नळीची मर्यादा १८ इंच आहे.

नळी मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. बोल्ट बंद करायचा, तोंडाकडून एक सरळ काठी आत सरकवायची, ती बोल्टला टेकली की नळीच्या तोंडाशी खूण करायची. काडतूस बसतं तो चेंबरचा भागही त्यामुळे लांबीत धरला जातो. तोंडावर आट्यांनी फिरवून बसवलेली टोपी मात्र धरली जात नाही. तीच टोपी पिन ठोकून, वेल्डिंग करून कायमची पक्की केली तर ती मोजमापात येते. बाजारात साडेचौदा इंचांच्या नळीला लांब टोपी वेल्ड करून विकलेल्या रायफली दिसतात, त्यामागे हेच कारण आहे. नळी साडेचौदाची, पण कायद्याच्या काठीवर सोळा भरते आणि नोंदणी टळते.

सोळा इंच आले कुठून?

या आकड्याचा इतिहास थोडा विचित्र आहे. दारूबंदीच्या काळात अमेरिकेत टोळीयुद्धं माजली होती. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून थॉम्पसन सबमशीनगनांनी मारण्यात आलं. अशा घटनांनी लोकमत तापलं आणि १९३४ मध्ये ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ हा कायदा झाला. संसदेत आलेल्या मूळ मसुद्यात मशीनगनांबरोबर पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. कपड्यात लपवता येणारी शस्त्रं ताब्यात आणायची असतील, तर रायफल कापून आखूड करण्याची पळवाटही बुजवायला हवी, असा त्यातला विचार होता. विरोधामुळे पिस्तुलं मसुद्यातून वगळली गेली. पळवाट बुजवणारं कलम मात्र राहून गेलं. त्यामुळे चार इंच नळीचं पिस्तूल साध्या तपासणीवर मिळतं आणि त्याच्या तिप्पट लांबीची रायफल कडक नोंदणीत अडकते, ही विसंगती आजही टिकून आहे.

सुरुवातीला रायफलसाठीही मर्यादा १८ इंच होती. १९६० मध्ये ती १६ करण्यात आली. कायद्यानं बंदी घातली नाही, कर लावला: दर शस्त्रामागे २०० डॉलर. आजच्या हिशेबात ते चार हजार डॉलरच्या वर जातात. त्या काळी कित्येक बंदुकांची किंमतही इतकी नसे, त्यामुळे कराचा परिणाम बंदीसारखाच झाला. गंमत म्हणजे ही रक्कम महागाईनुसार कधी वाढवली गेली नाही. नव्वद वर्षांत तिचा धाक आपोआप उतरत गेला.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कर-खर्च कायद्यानं आणखी एक पाऊल टाकलं. १ जानेवारी २०२६ पासून एसबीआर, आखूड शॉटगन आणि सायलेन्सर यांच्यावरचा कर शून्य झाला. मशीनगनांवर तो २०० डॉलरच आहे. ‘कर गेला म्हणजे नोंदणी गेली’ असा समज त्यानंतर पसरला, आणि तो चुकीचा आहे. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी हे सगळं कायम आहे. कर नसेल तर नोंदणीला आधार काय, असा प्रश्न विचारणारे खटले न्यायालयांत दाखल झाले आहेत.

नळी आखूड झाली की आत काय घडतं?

काडतुसातली दारू एका क्षणात जळून संपत नाही. गोळी पुढे सरकत असताना ती जळतच असते आणि वाढता गॅस गोळीला ढकलत राहतो. नळी जितकी लांब, तितका ढकलायला वेळ जास्त. ५.५६ मिलिमीटरचं लष्करी काडतूस २० इंचांच्या एम-१६ मधून सुटतं तेव्हा गोळीचा वेग सेकंदाला साधारण ९४५ मीटर असतो. एम-४ कार्बाइनच्या साडेचौदा इंचांत तो ८८५ च्या आसपास येतो. अमेरिकी विशेष दलांनी वापरलेल्या एमके-१८ च्या १०.३ इंचांच्या नळीतून तो सुमारे ७९० मीटरवर उतरतो. न जळालेली दारू नळीच्या तोंडाशी पेटते. त्यातून मोठा जाळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज होतो.

वेग घटला हे तोट्याचं एक अंग झालं. यंत्रणेवर येणारा ताण हे दुसरं, आणि सुटे भाग निवडताना तेच महत्त्वाचं ठरतं. एआर-१५ मध्ये नळीला वरच्या बाजूनं एक बारीक छिद्र असतं. गोळी ते ओलांडून गेली की थोडा गॅस त्यातून एका पातळ नळकांड्यावाटे मागे येतो आणि बोल्ट कॅरिअरला मागे लोटतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग कॅरिअरला परत पुढे आणते आणि नवं काडतूस चेंबरमध्ये बसतं. गोळी छिद्र ओलांडल्यापासून नळीबाहेर पडेपर्यंत जो अत्यल्प काळ मिळतो, तेवढ्यातच हा गॅस काम करतो.

वीस इंचांच्या रायफलमध्ये हे छिद्र चेंबरपासून दूर असतं आणि त्यापुढेही बरीच नळी उरते. दहा-साडेदहा इंचांच्या नळीत छिद्र चेंबरजवळ सरकतं, जिथे दाब फार जास्त असतो. त्यापुढे उरते ती जेमतेम अडीच-तीन इंच. म्हणजे गॅस जास्त तापलेला आणि जास्त दाबाचा, पण मिळणारा वेळ कमी. वेळ कमी म्हणून यंत्रणा अर्धवट चालू नये, यासाठी छिद्र मोठं करावं लागतं. छिद्र मोठं केलं की कॅरिअर गरजेपेक्षा जोरात मागे आदळतो. चेंबरमधला दाब पुरता उतरायच्या आत बोल्ट उघडायला लागतो, पुंगळीची कड ओढली जाते आणि बोल्टचे दात दर बाराला थोडे थोडे शिणतात. आखूड रायफलमधली बहुतेक बिघाडं इथे सुरू होतात.

नळी निवडताना

सगळ्यात आधी लांबी. फक्त दिसायला आवडते म्हणून सात-आठ इंचांची ५.५६ ची नळी घेणारे पुष्कळ असतात. कागदावर ती चालते. प्रत्यक्षात तिला काडतूस, स्प्रिंग, बफर आणि छिद्र यांचा मेळ फार काटेकोर लागतो, आणि हवामान किंवा काडतुसाची कंपनी बदलली की ती अडकू लागते. अनुभवी बंदूक-कारागीर नवख्याला बहुधा साडेअकरा किंवा साडेबारा इंच सुचवतात, आणि तो सल्ला बरोबर आहे. छिद्रापुढे मिळणारा एखाद-दीड इंच यंत्रणेला मोठा दिलासा देतो. हातात धरल्यावर तो फरक जाणवतही नाही.

आखूडच नळी हवी असेल तर काडतूस बदलणं शहाणपणाचं. ‘.३०० ब्लॅकआउट’ हे काडतूस त्यासाठीच घडवलं गेलं. अमेरिकेतल्या शस्त्रनिर्मात्यांच्या मानक संस्थेनं त्याला २०११ मध्ये मान्यता दिली. त्यातली दारू लवकर जळते, नऊ इंचांच्या आसपासच्या नळीत तिचं बहुतेक काम झालेलं असतं. ५.५६ ला त्याच लांबीत जे गमवावं लागतं, ते इथे फारसं गमवावं लागत नाही.

मग पोलाद. चांगल्या लष्करी दर्जाच्या नळ्या क्रोम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम मिश्रणाच्या, ४१५० या जातीच्या पोलादाच्या असतात. स्वस्त नळ्यांत ४१४० वापरतात. तेही वाईट नाही, पण सतत तापणाऱ्या नळीत ४१५० जास्त टिकतं. आतल्या बाजूला क्रोमचा मुलामा किंवा नायट्राइड प्रक्रिया असावी. स्टेनलेस नळी अचूकतेसाठी नावाजलेली आहे. मात्र आखूड रायफलमधून कोणी दूरचा नेम धरत नसल्यामुळे तिचा हा गुण इथे फारसा कामी येत नाही, आणि भराभर झाडल्यावर ती क्रोमच्या नळीपेक्षा लवकर झिजते.

आतल्या खाचांचा पीळ किती इंचांत एक फेरा पूर्ण करतो, हे नळीवर कोरलेलं असतं. ५.५६ साठी सात किंवा आठ इंचांत एक फेरा ही आजची रुळलेली निवड. .३०० ब्लॅकआउटच्या जड, आवाजापेक्षा कमी वेगाच्या गोळ्यांना जास्त घट्ट पीळ लागतो. तो सैल असेल तर गोळी हवेत डगमगते, आणि सायलेन्सर लावलेला असेल तर त्याच्या आतल्या पडद्यांना घासून तो फाडू शकते.

गॅसच्या छिद्राचा व्यास ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती ग्राहकाला दिसत नाही. कमी ताकदीच्या स्वस्त काडतुसांवरही रायफल चालावी, तक्रारी येऊ नयेत, म्हणून अनेक उत्पादक छिद्र जरा मोठंच ठेवतात. ग्राहक खूश होतो, रायफल पहिल्या दिवसापासून धडाधड चालते आणि काही हजार बारांनंतर बोल्ट तडकतो. छिद्राचा व्यास जाहीर करणारी किंवा विचारल्यावर नेमका सांगणारी कंपनी निवडावी. सायलेन्सर लावायचा असेल तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण सायलेन्सर गॅस अडवून मागे ढकलतो. मग छिद्र लहान हवं, किंवा गॅस कमी-जास्त करता येईल असा गॅस ब्लॉक हवा. हा ब्लॉक नळीवर नुसत्या दोन स्क्रूंवर उभा नसावा. आडव्या पिनेनं पक्का केलेला असेल तर उत्तम. निदान स्क्रू बसायला नळीत खळगे कोरलेले असावेत. ब्लॉक केसभर जरी सरकला तरी गॅस अडतो आणि रायफल एकबारी होऊन बसते.

बोल्ट, बफर आणि स्प्रिंग

एआर-१५ च्या बोल्टला पुढे सात दात असतात. तो फिरून नळीच्या मागच्या भागात अडकतो आणि स्फोटाचा सगळा दाब या दातांवर येतो. तडे जातात ते बहुधा पुंगळी ओढणाऱ्या आकड्याच्या शेजारच्या दातांना, नाहीतर बोल्टच्या मधल्या छिद्राजवळ, जिथे धातू सगळ्यात पातळ आहे. लष्करी मानकात बोल्टसाठी कारपेंटर १५८ हे पोलाद ठरलेलं आहे. ९३१० हे पोलादही योग्य उष्णताप्रक्रिया केली तर चांगलं चालतं. ही प्रक्रिया नीट झाली की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून बोल्टवर दोन चाचण्यांची खूण शोधतात. पहिलीत जादा दाबाचं काडतूस झाडून पाहतात. दुसरीत चुंबकीय कणांनी बारीक तडे शोधतात. प्रत्येक बोल्ट तपासला की गठ्ठ्यातला एखादाच, हेही विचारून घ्यावं.

कॅरिअरच्या माथ्यावर गॅस घेणारा एक लहान तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. स्क्रूंच्या कडेचा धातू ठोकून त्यांच्यावर दाबलेला असायला हवा, नाहीतर ते हळूहळू सैल होतात. दहा सेकंदांत तपासता येणारी ही गोष्ट आहे. ज्या कंपनीनं इथे कंटाळा केला, तिनं न दिसणाऱ्या जागीही तो केला असण्याची शक्यता मोठी.

दस्त्याच्या आतला बफर म्हणजे कॅरिअरच्या मागे धावणारं वजन. साधा कार्बाइन बफर सुमारे तीन औंसांचा असतो. त्याहून जड बफरना एच, एच-२, एच-३ अशी नावं आहेत आणि एच-३ साडेपाच औंसांच्या जवळ जातो. आखूड नळीला बहुधा जड बफर लागतो, कारण तो बोल्ट उघडण्याचा वेग थोडा रोखतो. पुंगळी कुठे पडते यावरून जाणकार अंदाज बांधतात. नेमबाजाच्या उजवीकडे, किंचित मागे पडली तर ठीक. जोरात पुढच्या बाजूला उडत असेल तर गॅस जास्त आहे. खिशाला सर्वांत कमी भार पडणारी दुरुस्ती म्हणजे बफर आणि स्प्रिंग बदलणं. मात्र मूळ छिद्रच अवाजवी मोठं असेल तर जड बफर दुखणं झाकतो, बरं करत नाही.

नवी नळी आणि नवा बोल्ट एकत्र येतात तेव्हा काडतुसाला मिळणारी जागा मापात आहे का, हे गेजनं तपासावं लागतं. गेज नसेल किंवा वापरता येत नसेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडे जावं. ही पायरी गाळण्यासारखी नाही.

पैसे कुठे वाया जातात

रायफलची चौकट, म्हणजे रिसीव्हर, चांगल्या दर्जाच्या ७०७५-टी६ ॲल्युमिनियमची घडीव असली की पुरे. बोल्ट थेट नळीच्या मागच्या भागात अडकत असल्यानं चौकटीवर स्फोटाचा मुख्य दाब येतच नाही. तरीही कोरीवकाम केलेल्या महागड्या चौकटीवर पैसे ओतून बोल्ट स्वस्तातला घेणारे ग्राहक कमी नाहीत.

पुढची जाळीदार पकड मात्र हलक्यात घेऊ नये. आखूड रायफलवर हात आणि नळीचं तोंड यांच्यात दोन-तीन इंचांचंच अंतर असतं. हात पुढे घसरू नये म्हणून पकडीच्या टोकाला खालून अडथळा लावतात. नळीही लवकर तापते, त्यामुळे पकड आतून मोकळी हवी.

तोंडावरच्या टोपीबद्दल एवढंच, की मागचा धक्का कमी करणारा ‘ब्रेक’ आखूड नळीवर शेजाऱ्यांना नकोसा होतो. तो गॅस बाजूला फेकतो. या काडतुसाचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो आणि १४० च्या पुढचा एकेक आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. जाळ कमी करणारी साधी टोपी किंवा स्फोट पुढे वळवणारी टोपी बरी. सायलेन्सर घेताना त्याच्या उत्पादकानं किमान नळीची लांबी किती सांगितली आहे ते वाचावं. आखूड नळीतून येणारी जळती दारू त्याचे पडदे वेगानं खाते.

दोन काडतुसांचा जीवघेणा घोळ

.३०० ब्लॅकआउट लोकप्रिय होण्याचं एक कारण म्हणजे ५.५६ चाच बोल्ट आणि तेच मॅगझिन त्याला चालतं, बदलावी लागते ती फक्त नळी. धोकाही इथेच आहे. ५.५६ च्या रायफलमध्ये चुकून .३०० ब्लॅकआउटचं काडतूस गेलं आणि बोल्ट बंद झाला, तर ०.३०८ इंचांची गोळी ०.२२४ इंचांच्या नळीत शिरू पाहते. नळी तुंबते आणि रायफल हातात फुटते. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत ते वेगळ्या रंगाची मॅगझिनं ठेवतात आणि त्यांवर पट्टे चिकटवतात. दोन्ही काडतुसं एकाच दिवशी मैदानावर न नेणं हा त्याहून भरवशाचा उपाय.

कागद आधी, जुळणी नंतर

एआर-१५ मध्ये कायद्यानं ‘बंदूक’ मानला जातो तो अनुक्रमांक असलेला खालचा रिसीव्हर. तो दुकानातून तपासणी होऊनच मिळतो. नळी, बोल्ट, दस्ता हे भाग फेडरल कायद्यानुसार टपालानंही येतात. गोंधळ इथून सुरू होतो. नळी आली, रिसीव्हर घरात होता, मंजुरी यायची होती, तरी ‘फक्त बसतेय का बघू’ म्हणून जोडून पाहिलं, की कायद्याच्या नजरेत एसबीआर तयार झाली.

बरोबर क्रम असा. अल्कोहोल, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांचं काम पाहणाऱ्या ‘एटीएफ’ या फेडरल संस्थेकडे ‘फॉर्म १’ भरायचा. सोबत ठसे आणि फोटो द्यायचे. स्थानिक पोलीस प्रमुखाला प्रत पाठवायची. मंजुरी हातात आल्यावर रिसीव्हरवर बनवणाऱ्याचं नाव, शहर आणि राज्य ठरलेल्या खोलीनं कोरायचं आणि मगच आखूड नळी बसवायची. तयार एसबीआर विकत घ्यायची तर ‘फॉर्म ४’ लागतो. रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर एटीएफची आगाऊ परवानगी घ्यावी लागते.

न जोडलेले भाग नुसते जवळ असले तर? या प्रश्नावर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक महत्त्वाचा खटला निकाली निघाला. थॉम्पसन/सेंटर आर्म्स ही कंपनी एक पिस्तूल, २१ इंचांची नळी आणि खांद्याचा दस्ता असा संच विकत असे. पिस्तुलाला दस्ता आणि लांब नळी लावली तर कायदेशीर रायफल होते. लांब नळी न लावता फक्त दस्ता लावला तर एसबीआर. सरकारचं म्हणणं, संच असा जोडता येतो एवढ्यानंच ती एसबीआर ठरते. कंपनीनं एका नगाचा २०० डॉलर कर भरला आणि तो परत मागण्यासाठी दावा लावला. न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूनं कौल दिला. भागांचा कायदेशीर उपयोग होऊ शकत असेल तर शंकेचा फायदा नागरिकाला मिळावा, असा त्याचा गाभा. याची दुसरी बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे. घरात एकच रिसीव्हर, एकच आखूड नळी, मंजुरी नाही आणि त्या नळीचा दुसरा कोणताही कायदेशीर उपयोग नाही, अशा माणसाला या निकालाचा आधार मिळणं अवघड.

खांद्याच्या दस्त्याऐवजी मनगटाला बांधायचा ‘ब्रेस’ लावलेली आखूड शस्त्रं पिस्तूल म्हणून विकली जात. त्यांतली बहुतेक एसबीआरच आहेत, असा नियम एटीएफनं जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि करमाफीसह नोंदणीला मे अखेरपर्यंत मुदत दिली. जून २०२४ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयानं तो नियमच रद्द केला. दीड वर्षात लाखो लोकांच्या कपाटातली तीच वस्तू आधी पिस्तूल, मग रायफल आणि पुन्हा पिस्तूल झाली.

व्हिसा, राज्यं आणि भारतातला कायदा

फेडरल मंजुरीपुढे राज्याचा कायदा येतो. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत सामान्य नागरिकाला एसबीआर ठेवता येत नाही. शून्य झालेल्या कराचा तिथे काही उपयोग नाही.

एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना तर साधी बंदूक किंवा काडतूस बाळगायलाही फेडरल कायद्यानं मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं यासारखे मोजके अपवाद सोडले, तर मित्राबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन भाड्याची रायफल हातात घेणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू होत नाही.

भारतात ही हौस कायदेशीरपणे शक्यच नाही. अर्धस्वयंचलित रायफली सर्वसाधारण परवान्यात बसत नाहीत. आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकांनाही २० इंचांची किमान मर्यादा आहे, त्याहून आखूड बंदूक निर्बंधित गटात जाते. १९५९ च्या हत्यार कायद्याच्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, मग ती बंदूक परवान्याची का असेना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. गावठी कट्ट्याच्या बातम्यांमध्ये दिसणारं कलम २५ ते हेच.

या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. अमेरिकेतून भारतात येताना बोल्ट किंवा नळी बॅगेत टाकणं म्हणजे तिकडे निर्यात परवान्याचा आणि इकडे आयात परवान्याचा भंग. मैदानावर वापरलेली पिशवी प्रवासाला नेऊ नये, हे त्यासाठीच सांगतात. तिच्या तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं, तरी हत्यार कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.